बिनसुईची रेकॉर्ड

आताची पोरं कानाला डबे लावून बसतात आणि स्वतःला साउंड इंजिनियर म्हणवतात. माझंही काम तेच होतं, फक्त मला लोक भोंगेवाला म्हणायचे. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. डोणगावात माझा लाऊडस्पीकरचा सेट होता. एक मशीन, एक भोंगा, एक माइक, चावी देऊन फिरवायची थाळी आणि रेकॉर्डची पेटी. आसपासच्या खेड्यांत वीज नव्हती, म्हणून बंडीत मोटारीची बॅटरीही घालून न्यावी लागे. बॅटरीवर लावलं की मशीन आतून घुमायचं, एकाच सुरात, दिवसभर. लोक तक्रार करायचे. मी सांगायचो, विलायती मशीन आहे, असंच असतं. मशीन मी अकोल्याहून जुन्या बाजारातून आणलं होतं.

लग्नघरी पोचलो की पहिलं काम म्हणजे भोंगा कडुलिंबावर चढवणं. भोंग्याचं तोंड मांडवाकडे नाही, शेजारच्या गावाकडे करायचं. मांडवातल्या लोकांना लग्न आहे हे माहीतच असतं. शेजारच्या गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरच घरधनी खूश.

या धंद्यात मला एकच वैरी होता, आणि तो मला फार आवडायचा. डोणगावपासून तीन कोसांवरच्या गावात एक सनई वाजवणारे काका होते. ज्या लग्नात ते, तिथे माझी सनईची रेकॉर्ड पेटीतच राहायची. ज्या लग्नात मी, तिथे कधीकधी त्यांना बोलावणंच यायचं नाही. दोघं एकाच मांडवात सापडलो की आमची जुंपायची. ते म्हणायचे, "तुह्या रेकाटले घाम येत नाही बे. ज्याले घाम येत नाही, ते वाजवणं काय कामाचं?" मी म्हणायचो, "माह्यी रेकाट मधातच पाणी मागत नाही, काका." मग आम्ही एकाच तांब्यातलं पाणी प्यायचो.

एक दिवस काका माझ्या दुकानात आले. मी म्हटलं, "काऊन काका, रेकाट ऐकाले आले काय?"

"पोरीचं लगन हाये," ते म्हणाले. "तू भोंगा घेऊन ये."

"तुमच्या घरी भोंगा कायले पाह्यजे? तुमी हायेच ना वाजवाले."

काका बाकड्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ही काही थट्टेची बैठक नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"व्याही लय चांगला माणूस हाये," ते म्हणाले. "काहीच मांगतलं नाही. एकच मांगणं केलं. पोरीच्या बापानं मांडवात वाजवाचं नाही."

दोन्ही घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. व्याह्यांनी त्या दिवसापासून जुन्या रीतीची सगळी गावकामं टाकली होती. लोकांच्या दारात उभं राहून वाजवणं तर त्यांना डोळ्यांसमोर नको होतं. काकांना ते पटत होतं. फक्त हात ऐकत नव्हते.

"मी हाव म्हटलं," काका म्हणाले. "त्याईचं खरं हाये. पण तीस वर्षं मी दुसऱ्याच्या पोरी वाजवून वाजवून सासरी धाडल्या. माह्यीच पोरगी मुकाट्यानं धाडू काय बे?"

"मी रेकाट लावतो ना, काका."

"तुह्या रेकाटले काय मालूम, माह्यी पोरगी कोण हाये?"

एरवी मी वादात हार जाणारा माणूस नाही. त्या दिवशी हरलो. मग मीच म्हटलं, "काका, माइकची तार लांब हाये. मागच्या खोलीपर्यंत जाते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "म्हणजे मांडवात नाही वाजवाचं. खोलीत वाजवाचं." वकिलालाही सुचलं नसतं. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "समजलं त्याईले, तं? मी शब्द मोडला असं होईन. मले कोणी काही बोलनार नाही, पण पोरीले तिथं जन्म काढाचा हाये."

"नाही समजणार," मी म्हटलं. मी तेव्हा पंचविशीतला होतो आणि मला सगळंच येत होतं.

लग्नाच्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी बंडी घेऊन पोचलो. मांडवात मागे घराची भिंत होती, तिला लागून मशीन मांडलं. भिंतीपलीकडे कुडाची खोली होती, त्यात तुरीची पोती. तिथे माइक ठेवला आणि ठरवलं, मी भिंतीवर तीनदा ठोकलं की काकांनी थांबायचं. काकांना एकच काळजी होती. मागे सूर धरायला माणूस नव्हता, आणि नुसती सनई त्यांना उघडी-नागडी वाटायची.

मी मशीन सुरू केलं. ते घुमायला लागलं. काकांनी मान तिरपी केली, कान टवकारले, सनईची पत्ती ओठात भिजवली, जराशी मागेपुढे केली आणि एक सूर लावला. मशीनचं घुमणं आणि तो सूर एक झाले.

"अबे," काका म्हणाले, "तुह्यं मशीन तं सुरात रडते!"

माझ्या मशीनची अशी तारीफ त्याआधी कोणी केली नव्हती आणि नंतरही कोणी केली नाही.

वरात आली तेव्हा काकांना सामोरं जायचं होतं, म्हणून मी सनईची खरी रेकॉर्ड लावली. ती इतकी झिजलेली होती की एका जागी सुई अडकून तोच तुकडा चार वेळा वाजला. वऱ्हाडी हसले. व्याही मात्र गंभीर होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, ताठ मान. शाळेतून दोन खुर्च्या आणल्या होत्या, त्यांवर नवरा-नवरी बसले. तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, हार घातले, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत लग्न लागलं.

पंगत बसली तसे काका वरणाची बादली बघून येतो म्हणून गेले ते सरळ खोलीत. मी थाळी फिरवायला सुरुवात केली, तिच्यावर ती झिजलेली रेकॉर्ड ठेवली आणि माइक चालू केला.

सनई सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्यांतच सगळ्या गावाला कळलं. तीस वर्षं ऐकलेला श्वास लोक ओळखणार नाहीत तर काय! वाढपी जागच्या जागी थांबले. नवरीने पदराआड तोंड लपवलं, तिचे खांदे हलत होते. हसते की रडते ते कळेना. मग काकांच्या शेजारची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काय मस्त रेकाट हाये वो माय!" त्याबरोबर सगळं गाव तसंच म्हणायला लागलं. इतकं एकमताने खोटं बोलताना मी त्या गावाला कधी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

नवऱ्या मुलाचे मामा मास्तर होते. त्यांना गाण्यातलं कळायचं, असं ते स्वतःच सांगायचे. जेवण अर्धं टाकून ते माझ्याकडे आले.

"व्वा," ते म्हणाले, "याले म्हणते वाजवणं. आपल्याकडच्या लोकांचं काम नव्हं हे. मुंबईचा कलाकार असन."

"हाव जी," मी म्हटलं.

मास्तर वाकून थाळीकडे बघायला लागले.  रेकॉर्ड गरागरा फिरत होती आणि सुई खाली टेकवलेलीच नव्हती. टेकवायची तरी कशी? दोन सनया एकदम वाजल्या असत्या! सुई आपली वर, बाजूला, आरामात.

"सुई तं वरतीच हाये," मास्तर म्हणाले.

"बिनसुईची रेकॉर्ड हाये, मास्तर. नवीन निघाली."

मास्तरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मागे दोन-तीन वऱ्हाडी येऊन उभे राहिले होते. "हाव, हाव," मास्तर म्हणाले, "मी वाचलं हाये तिच्याबद्दल." आणि त्या लोकांना समजावून सांगायला लागले.

इथवर मला सगळी मौजच वाटत होती. मग पंगतीतून व्याह्यांनी मला हात केला. मी गेलो. त्यांनी बुंदी तशीच ठेवली होती.

"हीच रेकॉर्ड पुन्हा लावजा," ते म्हणाले. मग स्वतःच सांगायला लागले, "माह्या बापाच्या हाती डफडं होतं. लोकं जेवत, अन् आमी मांडवाच्या भाईर उन्हात. सगळ्यायचं झाल्यावर आमाले. मी सहा वर्षाचा होतो, तवापासून मले लग्नातलं वाजवणं गोड लागलं नाही. आज लागलं. काऊन, तं भाईर कोणी उभं नाही. मशीन लय चांगली गोष्ट हाये, बापू."

मी मान डोलावली आणि मशीनपाशी येऊन बसलो. आता मला मुळीच हसू येत नव्हतं. इतक्या सरळ माणसाला आपण फसवतोय, याची लाज वाटली. भिंतीवर तीनदा ठोकलं. काका थांबले, बाहेर आले, कपाळाचा घाम पुसून बादली उचलली आणि व्याह्यांना वरणाचा आग्रह करायला लागले.

काकांना बाजूला घेऊन मी म्हटलं, "काका, आता पुरे करा. सांगून टाका नाहीतर सोडून द्या."

"पाठवणी राह्यली ना बे," ते म्हणाले. "तेच तं वाजवाचं होतं."

दुपार कलली. बंडी सजली, बैलांच्या अंगावर झुली आल्या. आणि तेव्हा आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आलं की पाठवणीला पोरीचा बाप मांडवात लागतो. तीस वर्षं काकांनी पाठवणी वाजवली होती. त्या वेळी पोरीचा बाप कुठे उभा असतो, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मीही इतकी लग्नं केली, पण माझं लक्ष नेहमी बॅटरीकडे.

"तू सांग, पोटात कळ आली मनून," काका म्हणाले आणि खोलीत शिरले.

सनई सुरू झाली. दुपारी वाजवली त्याहून सावकाश. मी इतक्या पाठवण्या ऐकल्या, पण ही ऐकताना मला माझ्या बहिणीची आठवण झाली आणि डोळे भरले. नवरी सगळ्यांच्या पाया पडत पुढे आली आणि थांबली. सगळे थांबले.

"व्याही कुठी गेले?" नवरदेवाच्या बापाने विचारलं.

"पोटात कळ आली," मी म्हटलं.

"आत्ता? पोरगी निंघून राह्यली अन् बाप नाही?" त्यांचा आवाज चढला. "आमचं काही चुकलं काय?"

मी भिंतीवर तीनदा ठोकलं. सनई थांबेना. पुन्हा ठोकलं. काका कुठे ऐकतात! तेवढ्यात नवरी माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "दादा, बंद करा. मले बाबाच्या पाया पडाचं हाये."

मी मशीनचं बटण शून्यावर आणलं. भोंगा गप्प झाला. घुमणं थांबलं. आणि भिंतीपलीकडून सनई चालूच राहिली, बारीक, एकटी.

मशीन बंद केलं म्हणजे सगळं बंद होतं, असं समजणारा माणूस त्या मांडवात मी एकटाच होतो. सगळं गाव जमिनीकडे बघायला लागलं. मास्तर आ वासून थाळीकडे बघत होते. व्याही मागच्या खोलीकडे चालू लागले. मी धावत त्यांच्या मागे गेलो, नवरीही आली.

काका तुरीच्या पोत्यावर बसले होते. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. दारात सावली पडली तसे त्यांनी डोळे उघडले आणि सनई खाली घेतली. उठून उभे राहिले. 

"दुसऱ्याच्या दारात नाही वाजवलं, व्याही," ते म्हणाले. "माह्याच घरात वाजवलं. माह्याच पोरीसाठी."

व्याह्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. पोती, कुडाच्या फटीतून येणारं ऊन, दाराआड लपून बसलेला माणूस. मला वाटलं, आता हे पोरीला हाताला धरून चालू लागतील.

"आपल्याच घरी," ते म्हणाले, "अन् लपून काऊन वाजवता?"

 व्याह्यांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना मांडवात घेऊन आले. नवरदेवाची रिकामी खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "बसा," म्हणाले. काका सवयीने खाली बसायला गेले. व्याह्यांनी खांद्याला धरून त्यांना वर बसवलं. नवरी पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सनई तोंडाला लावली.

पहिला सूर फुटलाच नाही, नुसती हवा आली. दुसरा लागला. माइक आतच राहिला होता. मला तो आणायचं सुचलं नाही आणि कोणी मागितलाही नाही. काका खुर्चीच्या अगदी टोकावर बसून वाजवत होते, आणि व्याही, त्यांची सगळी वरात, सगळं गाव तिरप्या उन्हात उभं राहून ऐकत होतं.