एका टोचणीचा निबंध

गोरक्षनाथ फुंदे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एकाहत्तर साली, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. गाव शेवगाव तालुक्यातलं, मी तिथं शिक्षिका. समोर गरोदर बायकांची रांग, शेजारी बर्फाचा डबा, आणि हा माणूस खाली मान घालून वहीत नावं लिहीत होता. बाटलीवर चिठ्ठी चिकटवण्याआधी ती तीनदा वाचायचा. इतका भित्रा माणूस डॉक्टर कसा झाला, असं मनात आलं.

ओळख झाल्यावर कळलं. त्यांच्या आईची दोन मुलं जन्मल्यापासून आठवड्याच्या आत धनुर्वातानं गेली होती. पुण्याच्या एका संस्थेत ते त्याच रोगावर संशोधन करत. गरोदर बाईला लस टोचली की तिच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात, ती बाळाला मिळतात. दोन टोचण्या लागतात असं सगळे मानत. आमच्या आणि शेजारच्या गावातल्या बायकांचं बाळंतपणाच्या वेळचं रक्त तपासून गोरक्षनाथांनी निबंध लिहिला, की एकच पुरते. बहात्तर साली तो छापून आला. दोघातिघा संशोधकांनी लगेच त्याचा आधार घेतला. एका दूरच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी तर कळवलं, की ते यापुढे एकच टोचणी देणार. ते पत्र गोरक्षनाथ खिशात घेऊन फिरत.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते एक यादी घेऊन माझ्याकडे आले. शेजारच्या गावात एक टोचणी घेऊन पुन्हा न फिरकलेल्या सत्तावीस सुना. त्यांची वयं हवी होती. सुना आसपासच्या गावांतून आलेल्या, तिथल्या शाळेत नोंद नव्हती, म्हणून आमचं रजिस्टर बघायचं होतं. दोन्ही गावांची बाळंतपणं करणारी सुईण बायडाबाई तिथंच बसली होती. मी पहिलं नाव वाचलं, केशर.

"ही तर लंकाबाईची रतन," बायडाबाई म्हणाली. "लग्नात नाव बदललं न्हाई का? पयलं बाळंतपण, म्हनून सातव्यात इकडं आली."

गोरक्षनाथांनी मान वर केली. "रतनला मी इथं टोचलंय. रक्तही इथंच घेतलं."

"आन् त्याआदी तिकडं केशरला टोचलं. दोन्ही खेपेला मीच धरून बसले हुते."

"मग ती बोलली का नाही?"

"तुमी इचारलं का? बाईमानसाच्या तोंडाकडं बघायची तुमास्नी लाज. वहीतच बघत हुता."

दुपारपर्यंत सत्तावीसपैकी एकोणीस जणी आमच्याच लेकी निघाल्या. ज्यांच्या रक्तावरून एक टोचणी पुरते असं ठरलं, त्यांनी दोन घेतल्या होत्या. गोरक्षनाथांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी खिशातलं ते पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, निबंधावर संस्थेतल्या साहेबांचं नाव माझ्या आधी आहे. कळवलं तर नोकरी जाईल."

"आणि न कळवलं तर?"

ते उठले आणि त्या दूरच्या डॉक्टरांना तार करायला शेवगावला गेले. पुण्याला गेल्यावर साहेबांनी त्यांना एवढंच विचारलं, "कुणी चौकशी केली होती का तुमच्याकडे?"

अठरा दिवस उत्तर आलं नाही. त्या दिवसांत त्यांची दोन पत्रं मला आली. दोन्हींत एकच प्रश्न होता, तिकडे एकाच टोचणीवर किती जणी बाळंत झाल्या असतील? मग त्या डॉक्टरांचं पत्र आलं, चौसष्ट जणींना एकच टोचणी दिली होती. त्यांना परत बोलावणं चालू होतं, पण पाच जणी आधीच बाळंत झाल्या होत्या. मुलांबद्दल पत्रात अक्षर नव्हतं.

गोरक्षनाथ स्वतः निघाले. बायडाबाईला बरोबर नेलं. चार घरी मूल अंगावर पीत होतं. पाचव्या घरी पाळणा नव्हता. मूल उपजतच मेलेलं होतं, असं सासूनं सांगितलं. बायडाबाईनं सुनेला आत जाऊन विचारलं, तिनंही तेच सांगितलं. धनुर्वात नव्हता. तरी गोरक्षनाथ दारातून हलेनात. सासूला त्यांनी तोच प्रश्न चारदा विचारला.

निबंधातली चूक त्यांनी एकट्याच्या नावानं छापून घेतली, आणि बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहावीत, असंही त्यात सांगितलं. निबंधापेक्षा त्या दीड पानाचे दाखले पुढे जास्त दिले गेले. नोकरी मात्र त्याच वर्षी गेली. तिसरं काही त्यांनी छापलं नाही.

पुढे शेवगावला त्यांनी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. आता ते निवृत्त आहेत आणि मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत राहतात.