माळावरचे हवामान यंत्र

माळावर हवामान मोजणारे यंत्र आहे. भोवती जाळी, जाळीला कुलूप, पाटीवर पाच संस्थांची नावे. काल यंत्र पुसायला संस्थांचा माणूस आला, तेव्हा शेजारच्या शेतातून कौसाबाई जाळीपाशी आल्या. पाऊस न आल्याने त्यांची पहिली पेरणी वाया गेली. आता एकाच पेरणीचे बियाणे उरले आहे.

"दादा, आठवड्यात पाऊस हाय का?"

"मावशी, ते मला कळत नाही. माहिती थेट परदेशात जाते. अंदाज तिकडे काढतात."

"मंग पेराया बी तेच येत्याल का?"

तो हसला आणि कुलूप लावून गेला.

कौसाबाईंच्या शेतावरचा वारा, ऊन, ओल, सारे या संस्थांच्या अहवालांत पोचते. पाच संस्थांना मिळून त्यांना एक ओळ कळवता येत नाही.

आज सकाळी कौसाबाईंनी स्वतःच्याच अंदाजाने पेरणी सुरू केली, यंत्रापासून दहा पावलांवर.