सेवजिदची बढाई

सेवजिदला कुणी विचारलं, जनावरं किती आहेत, तर तिचं उत्तर ठरलेलं असे. "आहेत थोडीशी. जगतायत कशीबशी." आणि हे ती बोलत असताना तिच्या मागचा डोंगर तिच्याच मेंढ्यांनी पांढरा झालेला असे.

आमच्या मंगोलियात, या झावखान प्रांतात, असं विचारणंच मुळात आगाऊपणा, आणि खरं उत्तर देणं त्याहून मोठा. आपलं आहे ते चारचौघांत बोलून दाखवलं की दृष्ट लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तान्ह्या मुलाला बाहेर नेताना आम्ही कपाळाला काजळी फासतो आणि त्याला कुरूप म्हणतो. सेवजिद मात्र या बाबतीत चार पावलं पुढेच. तिचा मुलगा झोरिग बर्फाच्या वादळात शिरून चुकलेली मेंढी खांद्यावर घेऊन येणारा गडी. पण कुणी त्याचं कौतुक केलं की ती म्हणणार, "हा होय? जेवायला तेवढा वेळेवर हजर असतो." झोरिग चाळिशीला आला तरी आईच्या तोंडून त्याने बरा शब्द म्हणून ऐकला नव्हता.

तिच्या या धास्तीला कारण होतं. तिचा नवरा एकदा घोड्यांच्या शर्यतीनंतर चार प्याले चढवून भर मैदानात बोलून गेला होता, की आमच्या घोड्यांना अख्ख्या प्रांतात तोड नाही. त्याच हिवाळ्यात बर्फ असा गोठला की गवतापर्यंत कुठल्याच जनावराचं तोंड पोचेना. वसंतात त्यांच्याकडे उरली एक म्हातारी घोडी आणि मूठभर बकऱ्या. नवरा त्या धक्क्यातून सावरला नाही. पुढचं सगळं सेवजिदने आणि झोरिगने पुन्हा उभं केलं, एकेक कोकरू जगवत, आणि त्याबद्दल तोंडातून अवाक्षर न काढता.

मुलगी खुलान लग्न करून कोरियात गेली होती. तिला मुलगा झाला, हानग्योल. फोनवर नातवाचं तोंड पहिल्यांदा दिसलं तेव्हा सेवजिदचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "शी, किती घाणेरडं पोर आहे हे." शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंनी, ओकबुननी, आजी काय म्हणाल्या म्हणून विचारलं. खुलान इतकी भोळी की तिने शब्दाला शब्द सांगून टाकला. ओकबुनबाई त्यानंतर कित्येक दिवस फोनच्या आसपास फिरकल्या नाहीत.

आता प्रश्न होता तो हानग्योलच्या जावळाचा. आमच्याकडे मुलाचं जावळ तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी काढतात, आणि पहिली कात्री चालवायची ती मुलाच्या जन्मवर्षाशी जुळणाऱ्या वर्षाच्या माणसाने. हानग्योल वाघाच्या वर्षातला. लामांनी पोथी पाहून सांगितलं, कुत्र्याच्या वर्षातलं माणूस हवं. घरात तशी एकच, सेवजिद. तिसऱ्या वर्षी तिचा पाय मोडलेला होता. फेब्रुवारीत येणाऱ्या आमच्या नव्या वर्षाला पोराला पाचवं लागणार होतं. खुलानने त्याला घेऊन माहेरी यावं, तर तिला पुन्हा दिवस गेलेले, आणि डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलेलं. तेव्हा जायचं ते सेवजिदनेच.

म्हणून शरद ऋतूत ती झोरिगला घेऊन उलानबातरला गेली, व्हिसाच्या खिडकीसमोर बसली, साहेबांनी विचारलं त्याची उत्तरं दिली आणि परत आली. काही दिवसांनी नकार आला.

राजधानीत राहणारी तिची भाची सारनाई हिने तो कागद वाचला. परत मायदेशी येण्याचं पुरेसं कारण दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. सारनाईने फोन लावला.

"आत्या, आत तू काय बोललीस?"

"विचारलं ते सांगितलं."

"जनावरं किती म्हणालीस?"

"थोडीशी."

"आणि घर?"

"लोकरीच्या नमद्याचा तंबू, जुनाट, वारा शिरतो आत."

"आणि झोरिगदादा काय करतो म्हणालीस?"

"म्हटलं, तो आहे असाच."

सारनाईने पलीकडे कपाळावर हात मारला असावा, तसा आवाज आला. "वा, आत्या. घर पडकं, जनावरं मरायला टेकलेली, मुलगा असाच, आणि मुलगी कोरियात सुखात. अशी बाई परत कशाला येईल? त्या खुर्चीत मी असते तर मीसुद्धा नाही म्हटलं असतं."

"मग काय बढाया मारू? तुझ्या काकांनी मारली होती एकदा."

"अगं, पुढे बसलेला तो माणूस आहे, आभाळातला देव नाही. त्याला तू खोटी वाटलीस, एवढंच."

खोटी हा शब्द सेवजिदला झोंबला. तिने फोन ठेवून दिला. साठी उलटून गेलेल्या, आयुष्यात कुणाची दोरीही न ढापलेल्या बाईला खोटी म्हटलं गेलं, तेही खऱ्या विनयापायी. माझ्या मते तिचा राग अगदी रास्त होता. पण सारनाईचंही चुकलं नव्हतं, आणि हे सेवजिदलाही कळत होतं, म्हणून तर ती एवढी चिडली होती.

हिवाळा लागला तसा खुलानचा फोन आला, रडवेला. हानग्योलचे केस खांद्यांपर्यंत आले होते आणि लिफ्टमधल्या बायका त्याला गोड मुलगी म्हणत होत्या. मार्चपासून त्याची बालवाडी सुरू होणार होती. ओकबुनबाईंनी सांगून टाकलं होतं, की तोवर आजी आल्या तर आनंदच आहे, नाहीतर त्या स्वतः त्याला न्हाव्याकडे नेतील.

"त्यांचं तरी काय चुकतं, आई," खुलान म्हणाली. "पण अनोळखी माणसाच्या मशीनखाली पहिले केस गेले तर माझ्या जिवाला लागेल."

"पुन्हा अर्ज करू," सेवजिद म्हणाली.

डिसेंबरात सरकारी शिरगणतीसाठी गावप्रमुख ल्हामजाव मोटारसायकलवर येतो. दरवर्षी तो कळप मोजायला लागला की सेवजिद आत जाऊन चहा ढवळत बसे, आकडा कानावर पडू नये म्हणून. या वर्षी ती बाहेर आली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली.

"आजी, थंडी बाधली का तुम्हाला?" ल्हामजावने विचारलं.

"मोज नीट. त्या पलीकडच्या ओढ्यातले घोडेही धर. आणि शिक्का मारून दाखला दे मला."

"आता तुम्हाला निवडणुकीला उभं राहायचं असेल तर आधी सांगा, मी माझी खुर्ची रिकामी करतो."

"तुझ्या खुर्चीला पाय तीनच आहेत. मला कोरियाला जायचंय."

दाखला मिळाला, बाकीचे कागद सारनाईने जमवले आणि जानेवारीच्या कडाक्यात झोरिगने आईला पुन्हा राजधानीला आणलं. खिडकीपलीकडे साहेब तेच, तरुण, चष्मेवाले, आमची भाषा अस्खलित बोलणारे. पाठीमागच्या बाकावर वाट पाहणारी माणसं बसलेली, त्यांत झोरिगही. काचेतून ऐकू यावं म्हणून सगळ्यांनाच मोठ्याने बोलावं लागे.

"आजी, तुम्ही मागेही आला होता," साहेब कागद चाळत म्हणाले. "तेव्हा म्हणालात थोडीशी जनावरं आहेत. या दाखल्यात भलताच आकडा आहे. खरं काय?"

सेवजिदच्या तोंडात 'थोडीशी' आलंच होतं. तिने ते गिळलं. तिच्या दृष्टीने पुढच्या वाक्यात अख्खा कळप पणाला लागला होता. तिने नातवाचं डोकं डोळ्यांपुढे आणलं आणि तोंड उघडलं.

"दाखला खरा आहे. हजाराच्या वर जनावरं आहेत माझी. एक घोडी होती उरलेली, तिच्यापासून आता घोड्यांचा कळप आहे, आणि त्यातला लाल घोडा उभा राहिला की लोक गाडी थांबवून बघतात. माझ्या बकऱ्यांची लोकर घ्यायला व्यापारी दुसऱ्या प्रांतातून येतात. घर माझं उबदार आहे. नमदा मी स्वतः लाटलाय, सुईएवढाही वारा आत येत नाही."

साहेब लिहायचे थांबले. सेवजिद मात्र थांबेना. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते.

"आणि माझा मुलगा. मागच्या वेळी मी त्याला असाच म्हटलं. साहेब, त्याच्यासारखा मुलगा आमच्या तालुक्यात दुसरा नाही. बाप गेला तेव्हा हा शाळा सोडून आला, आणि आजपर्यंत त्याबद्दल त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. माझा पाय मोडला तेव्हा मला पाठीवर घेऊन बर्फातून दवाखान्यात गेला तोच. हे सगळं त्याच्या जिवावर उभं आहे."

मागे बाकावर कुणीतरी खाकरलं. झोरिगने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तो तिच्याकडेच बघत बसला होता.

"मग मुलीकडे राहावंसं नाही वाटणार तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"मार्चात माझ्या मेंढ्या वितात. तेव्हा कोकरं काखेत घेऊन मी रात्र रात्र जागते. ते सोडून तुमच्या त्या उंच इमारतीत काय करू मी? मला नातवाचं जावळ काढायचंय. काढलं की मी निघाले. तुम्ही राहा म्हणालात तरी राहणार नाही."

साहेब हसले, असं सेवजिदने पुढे कितीतरी जणांना सांगितलं. झोरिगच्या मते ते हसले नाहीत, फक्त चष्मा पुसत होते.

बाहेर येताच सेवजिदने समोरच्या दुकानातून दुधाची पिशवी घेतली आणि भर फुटपाथवर उभी राहून आभाळाकडे दूध शिंपडू लागली. "बोलले ते पोरासाठी बोलले, मनावर घेऊ नका," असं ती वर बघून सांगत होती. एका गाडीच्या काचेवर शिंतोडे उडाले, गाडीवाला ओरडला, तर तिने त्याच्या दिशेनेही थोडं शिंपडलं. झोरिग पिशवी धरून शेजारी उभा राहिला. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना त्याने तासभर गाणी म्हटली, आणि त्याचा आवाज फाटका आहे असं सेवजिद एकदाही म्हणाली नाही.

व्हिसा मिळाला. त्या हिवाळ्यात बर्फही बेताचाच पडला.

नवं वर्ष लागलं आणि चांगला दिवस पाहून इंचनला, खुलानच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात सेवजिदने हानग्योलला मांडीवर घेतलं. कात्रीला निळं रेशमी वस्त्र बांधलेलं होतं. खुलान पोटावर हात ठेवून बसली होती, जावई फोटो काढत होता, ओकबुनबाई ताटात दूध घेऊन उभ्या होत्या. सेवजिदने पहिली बट कापली आणि मुलाला त्याच्या नावाने, त्याच्या भाग्याने, मोठ्याने आशीर्वाद दिला. मग तिने कात्री ओकबुनबाईंच्या हातात दिली. त्यांनी आधी हात मागे घेतला, मग दुसरी बट कापली.

सगळे केस उतरले तेव्हा दोघी आज्या त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिल्या.

"डोकं आमच्याकडचं आहे," ओकबुनबाई म्हणाल्या. खुलानने भाषांतर केलं.

"कुठलं तुमच्याकडचं? मागून बघा. हे माझं डोकं आहे," सेवजिद म्हणाली.

खुलानने तेही भाषांतर केलं, आणि या वेळी ओकबुनबाई खो खो हसल्या.

मग सेवजिदने नातवाला जवळ ओढलं आणि आमच्याकडे आज्या करतात तसं त्या टकलावर नाक टेकवून खोल श्वास घेतला. फोनवर तिला त्याचे दात आलेले दिसले होते, त्याची गाणी ऐकू आली होती, तो पडला, रडला, चालायला लागला, सगळं दिसलं होतं. हा वास तिला पहिल्यांदाच मिळत होता. हानग्योलला गुदगुल्या झाल्या, तो सुटायला धडपडू लागला, पण सेवजिदने त्याला सोडलं नाही.