अण्णांचा अँप्लिफायर

काल नांदेडला मिक्सरची तुटलेली तार सोल्डर करायला दिली. तापलेल्या राळेचा वास आला आणि लातूरचं ते दुकान आठवलं.

माझे वडील, अण्णा, आपला जुना अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन तिथं गेले होते. सोबत मी होतो. दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडेल, हाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता.

"आवाज लई दबलाय याचा," अण्णा म्हणाले. कारागिरानं आतले खराब भाग बदलले आणि गाणं लावलं. दुकान दणाणलं. अण्णांनी कान स्पीकरला टेकवला.

"अजून वाढव की रे!"

शेजारचा पानवाला ओरडला, "अरे बाबा, कान फुटून राहिले इथं!"

कारागिरानं माझ्याकडे पाहिलं. मग गाणं बंद करून मोठ्यानं म्हणाला, "मशीनच म्हातारी झाली, काका."

"नवा घेऊ, अण्णा," मीही तितक्याच मोठ्यानं म्हणालो. "आजकाल स्वस्तात चांगले मिळतात."

अण्णांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. अँप्लिफायरवरून एकदा हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नव्यातबी मला एवढंच ऐकू येईल."