भाड्याची अक्षरं

पुण्याहून आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहायला आलो तेव्हा सोसायटीत माणसांपेक्षा पाण्याचे टँकर जास्त दिसायचे. बाजार नुकता खुला झाला होता. रोज एखादी नवी कंपनी साबण नाहीतर टीव्ही घेऊन यायची, आणि तिची माहितीपत्रकं मराठीत करायचं काम माझ्या बायकोकडे यायचं. त्यासाठी आम्ही नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून मराठी लिहायचा प्रोग्राम आणला. खोका, आत सीडी. महाग होता, पण एकदाच काय ते. विकत घेतलं की आपलं, असं मानणाऱ्यांतला मी. पंखा घेतला म्हणून त्याची कंपनी दरवर्षी वारा मोजायला येत नाही.

हिनं लग्नाआधी मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. प्रोग्राममध्ये तीच जुन्या टाइपरायटरची मांडणी होती, त्यामुळे ही कीबोर्डकडे न बघता लिहायची आणि लिहिता लिहिता माझ्या चुका काढायची.

मग तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. डाव्या हातात पेन धरवेना, फोनवरच्या इवल्याशा अक्षरांवर बोट ठरेना, म्हणून मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. डाव्या हातानं तिनं पहिलं वाक्य लिहिलं, 'डाळीत मीठ फार झालंय.' मला रडू आलं. तिथून आमचा संसार पुन्हा सुरू झाला, भांडणांसकट.

पुढे ते मशीन बंद पडलं. जावई नवं घेऊन आला, तर त्यात सीडी घालायला जागाच नाही.

"बाबा, आता खोके कोणी विकत नाही. सबस्क्रिप्शन असतं. दरवर्षी रिन्यू करायचं, बस."

"म्हणजे भाडं," मी म्हणालो.

"पण अपडेट आपोआप येतात ना."

कंपनी तीच होती, मांडणीही तीच निघाली, म्हणून मी वर्षाचं भाडं भरलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी अपडेट आपोआप आलं. ही लिहायला बसली आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटायला लागली. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, पुराना कीबोर्ड हटा दिया है, कोई यूज़ ही नहीं करता था. नया वाला बिल्कुल आसान है, मैडम सीख जाएँगी."

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय? मी सांगितलं की मॅडमला बोलता येत नाही, त्या यावरच बोलतात. त्यानं माझा फीडबॅक नोट करून घेतला.

मी प्रत्येक कळीवर नवं अक्षर लिहून चिकटवलं. ती ते वाचते, मान डोलावते, पण लिहायला लागली की बोट जन्माच्या सवयीनं जुन्याच जागी जातं.

काल दुपारी तिनं लांबलचक वाक्य लिहिलं. लिहिताना चेहरा शांत होता. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. एक शब्द धड नव्हता. तिनं सगळं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तसाच कचरा. मी विचारत सुटलो. पाणी हवंय? पाठ दुखतेय? लेकीला फोन लावू? प्रत्येक वेळी नाही. मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

शेवटी म्हणालो, "चहा टाकू?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली. चहासाठी एवढं लांब वाक्य कोणी लिहीत नाही. तिनं माझी सुटका केली होती, आणि मी उठून चहा टाकला.