शांत केलेली पेटी

मुलीनं काल एक छोटं यंत्र आणलं. ते भिंतीतल्या प्लगात खोचायचं आणि टीव्ही, मिक्सर जे असेल ते त्याला जोडायचं. बंद वस्तू किती वीज खाते ते आकड्यात दिसतं. टीव्ही खात होता. मग तिनं देवघरातली पेटी जोडली, दिवसभर एकच मंत्र म्हणणारी. बायको गेल्यापासून मी त्या पेटीचा आवाज पार खाली नेलाय. ऐकवत नाही.

"बाबा, ही बंद कुठाय? खातेय की."

"बंद नाही, शांत केलीय."

देवापुढं 'बंद' म्हणू द्यायची नाही हिची आई. दिवासुद्धा शांत करायचा. माणूस गेलं तरी लोक 'शांत झालं' म्हणतात. शाळा मी फार केली नाही, पण तो आकडा वाचता आला. शांत केलेलं आत चालूच असतं, आणि खातही असतं.

"काढून ठेवू का मग?"

"राहू दे. फुकट खाणाऱ्याला तुझ्या आईनं कधी बसू दिलंय? मला तरी दिलं का?"

मी बटण फिरवलं. मंत्र घरभर झाला, डोळे भरले. भरू देत. आता रोज ऐकणार.