टिटवीच्या घरट्यापाशी रोवलेली काठी

विद्यापीठाच्या राखीव माळावर मी बरीच वर्षं काढली, आणि आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या एकच विचारलं, "जंगल कुठंय?" जालन्याकडे तोंड केलं की स्टीलच्या कारखान्यांची धुराडी दिसतात, बदनापूरकडे पाहिलं की पिवळं गवत आणि खडे. झाड नाही म्हणजे काहीच नाही, असा लोकांचा समज. तो खोडून काढणं हे माझं काम होतं, आणि ते मी जरा जास्तच तावातावानं करत असे.

एका उन्हाळ्यात माळटिटवीची पाच घरटी सापडली. घरटं आपलं म्हणायचं. जमिनीत जरासा खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. भर उन्हात ती टिटवी पाणवठ्यावर जाते, पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. त्या पाचही घरट्यांतून पिल्लं निघावीत, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं.

परीक्षा आटोपल्यावर शाळांच्या सहली येणार होत्या. कुणाचा पाय पडू नये आणि पोरांना लांबून जागाही दाखवता यावी, म्हणून मी प्रत्येक घरट्याशेजारी कमरेएवढी काठी रोवली आणि टोकाला लाल चिंधी बांधली. काठ्यांचा भारा आमच्या राखणदारांच्या खांद्यावर होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. शेजारच्याच गावचे, माळ राखीव होण्याआधी त्यांनी इथंच शेळ्या चारलेल्या.

"मॅडम, एवढी उंच काठी?" त्यांनी विचारलं.

"चाचा, संशोधनाची पद्धत असते ही," मी म्हटलं. त्यांनी भाऱ्यातून पुढची काठी काढून दिली.

आठवडाभरात दोन घरटी रिकामी झाली, मग तिसरं. मी रोज सकाळी जायची, पाहायची, वहीत लिहायची. मनातून गावातल्या कुत्र्यांना शिव्या घालत होते, पण सोबत काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांसमोर रडवेलं तोंड दिसू नये म्हणून चेहरा कोरडा ठेवला होता. चौथं घरटं गेलं आणि माझा तोल सुटला. राग आला की मला समोर कोण आहे ते दिसत नाही. सगळ्या विद्यार्थ्यांदेखत मी चाचांना म्हटलं, "तुमचं लक्ष असतं कुठं? कुत्री आत येतातच कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर ते फाटकातच थांबले होते. "जल्दी चला," म्हणाले. अवजारांच्या खोलीआड उभं राहून आम्ही पाचव्या घरट्याकडे बघू लागलो. थोड्या वेळानं एक कावळा आला आणि थेट माझ्या काठीवर बसला. त्या उघड्या माळावर त्याला बसायला दुसरी जागाच नव्हती. मान वाकडी करून तो खाली पाहू लागला. टिटवी किंचाळत त्याच्यावर झेपावत होती, तो हलत नव्हता. चाचा ओरडत धावले. कावळा उडाला. अंडी चारही शाबूत होती. चाचांनी काठी उपटली आणि माझ्या हातात दिली.

"यावर बसूनच खाऊन राह्यला तो. चिंधी दिसली का त्याला बराबर कळतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिलं घरटं गेलं तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. "तुम्ही म्हनल्या, पद्धत हाये. मंग रोज येऊन लिहून न्यायच्या, तोंडावर काही न्हाई. मला वाटलं, कावळा किती खातो तेच तुम्ही मोजून राह्यल्या. काल रागावल्या, तवा समजलं. मोजनाऱ्या मानसाला राग कशाला येईल?"

मी त्यांची माफी मागितली, ज्यांच्यादेखत बोलले होते त्यांच्यादेखतच. सहलीच्या पोरांना घरटं काही दाखवलं नाही. त्यांचे सर आमच्यावर नाराज होऊन गेले. काही दिवसांनी चाचा म्हणाले, "निघाली. चारही." पुन्हा रडू आलं, आणि या खेपेला मी ते लपवलं नाही.

आनंद झालाच. पण रुतून बसलंय ते दुसरंच. चार घरटी उजाड होईपर्यंत त्या माणसाला खात्री होती की मला हेच हवं आहे, आणि त्याला तसं वाटू नये असं मी काहीच केलं नव्हतं.